पाण्याखालचा तळ: ड्रोनने नदीपात्र मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

कामाची व्याप्ती ठरली. नदीचा सुमारे १.८ किलोमीटरचा टप्पा. पात्र काठापासून काठापर्यंत ६० ते ९० मीटर रुंद, पण सध्या वाहती धार जेमतेम १२ मीटरची. बाकी सगळा गोटे आणि वाळूचा कोरडा पसारा. पात्राच्या नकाशावर पाणी सोडून बघणाऱ्या संगणकीय मॉडेलकडून दोन उत्तरं हवी आहेत. मोठ्या पुरात पाणी कुठवर चढेल? आणि पाणी कमी असताना उथळ भागात माशांना वर-खाली जाता येईल एवढी खोली उरते का?

प्रस्तावात दोन्ही प्रश्नांसाठी एकच नकाशा धरलाय. तिथेच थोडं थांबावंसं वाटतं. मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे (खोली, उतार आणि खडबडीतपणावरून प्रवाह काढणारं सूत्र) रुंद पात्रातला विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, खोलीच्या ५/३ घाताने बदलतो. पुरात पाणी ३ मीटर असेल आणि तळ १० सेंटीमीटर चुकला, तर विसर्ग साडेपाच टक्क्यांनी चुकेल. चालून जाईल. तेच १० सेंटीमीटर ३० सेंटीमीटरच्या धारेत चुकले तर विसर्ग थेट निम्म्यावर येतो. म्हणजे पुराच्या प्रश्नाला कोरडं पात्र हवं आणि कमी पाण्याच्या प्रश्नाला पाण्याखालचा तळ हवा. ड्रोनला यातलं पहिलं उत्तम दिसतं. दुसरं दिसल्यासारखं वाटतं.

पाण्यात उतरून पॉइंट घ्यायला वेळापत्रकात जागा नव्हती. ती मागून घेतली.

५ फेब्रुवारी

उड्डाणाचा आराखडा. कॅमेरा एक इंची सेन्सरचा, ८.८ मिलीमीटर लेन्स, ५४७२ × ३६४८ पिक्सेल, मेकॅनिकल शटर. ७० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर १.९ सेंटीमीटरचा पडतो आणि एका फोटोत साधारण १०५ × ७० मीटर जमीन मावते. पुढे-मागे ८० टक्के ओव्हरलॅप धरला तर दर १४ मीटरला एक फोटो, आणि बाजूला ७० टक्के धरला तर दोन रांगांत सुमारे ३१ मीटर.

आणखी खाली उडून पिक्सेल एक सेंटीमीटरवर आणावा का, यावर बराच खल झाला. मी नको म्हटलं. फोटो जवळजवळ चौपट होतात, प्रोसेसिंग त्याहून लांबतं, आणि पाण्याखालची चूक तसूभरही कमी होत नाही. पिक्सेलचा आकार म्हणजे अचूकता नव्हे. उभ्या दिशेतली चूक चांगल्या कामातही पिक्सेलच्या दीड ते तीन पट निघते.

सरळ खाली बघणाऱ्या रांगांखेरीज कॅमेरा २० अंश तिरपा ठेवून आडव्या रांगाही घेणार. कारण प्रोसेसिंगच्या नोंदीत येईल.

९ फेब्रुवारी

कंट्रोल पॉइंट मांडले, म्हणजे फोटो जमिनीशी जुळवायला नेमक्या मोजलेल्या खुणा. ६० सेंटीमीटरचे काळे-पांढरे चौकोन, दोन्ही काठांवर आणि मधल्या गोट्यांच्या बेटांवर. टप्प्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये जास्त दाट. काही चौकोन मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. ते प्रोसेसिंगमध्ये कंट्रोल म्हणून जाणार नाहीत, फक्त तपासणीला वापरायचे. कंट्रोलवरच मोजलेली चूक दाखवून अहवाल सजवायची पद्धत सर्रास आहे. तिचा उपयोग शून्य.

बेस (उपग्रहांवरून जागा काढणारा स्थिर रिसीव्हर) बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवर लावला. रोव्हर (सोबत फिरवायचा रिसीव्हर) 'फिक्स', म्हणजे पक्की जागा, दाखवेपर्यंत एकही पॉइंट नोंदायचा नाही, 'फ्लोट' म्हणजे कच्ची जागा चालणार नाही. झाडाखाली फिक्स मिळायला वेळ लागतो. तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावलं.

उंचीचं एक आजच मार्गी लावलं. उपग्रहावरून मिळणारी उंची एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची असते. पाणी मात्र जिऑइडपासून (गुरुत्वाकर्षणाने ठरणारी सरासरी समुद्रसपाटी) मोजलेल्या उताराने वाहतं. या दोहोंतला फरक जागेनुसार बदलतो, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो उणे १०६ मीटरच्या आसपास जातो. आपल्या टप्प्यात तो जवळजवळ स्थिर आहे, त्यामुळे उतारावर परिणाम नगण्य. पण खालच्या टोकाला जुन्या पाणीपातळ्या जोडायच्या आहेत आणि त्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या आहेत. सगळं ईजीएम २००८ या जिऑइडच्या मॉडेलवर आणून बेंचमार्कला जुळवलं. ड्रोनची सेटिंग, बेसची सेटिंग आणि सॉफ्टवेअरमधली सेटिंग या तिन्ही ठिकाणी काय निवडलंय ते एकाच कागदावर लिहून ठेवलंय.

१० फेब्रुवारी

उड्डाणं झाली. वेळ सूर्याच्या उंचीवरून ठरवली. या लेन्सच्या चौकटीचा कोपरा मध्यापासून ४२ अंशांवर असतो. सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढला की संथ पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब फोटोत शिरू लागतं आणि त्या चकाकीखालचा तळ गेला. सूर्य फार खाली असला तर काठाच्या लांब सावल्या डोहावर पडतात. मधला वेळ गाठायचा. हवा पडलेली हवी, नाहीतर लाटांमुळे चकाकी सगळीकडे विखुरते.

पोलराइझिंग फिल्टरबद्दल विचारणा झाली होती. पाण्याच्या बाबतीत तो खरा काम करतो उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनात. सरळ खाली बघणाऱ्या फोटोला त्याचा फायदा जवळजवळ नाही, उलट प्रकाश कमी होऊन शटर मंदावतं. लावला नाही.

पाणी नितळ होतं. खळाळावर फेस.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस पाण्यात. फोटो घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पातळी तीच असताना. काठावर खुणेची पट्टी रोवली होती, सकाळ-संध्याकाळ वाचन एकच आलं.

गुडघाभर पाण्यात पोल (रोव्हर बसवलेली काठी) टेकवायचा म्हणजे नेमका कुठे? इथले गोटे मुठीपासून नारळापर्यंतचे. पोलचं टोक गोट्याच्या माथ्यावर टेकलं तर एक उंची, शेजारच्या फटीत गेलं तर १० सेंटीमीटर खाली. ड्रोनच्या फोटोंवरून बनणारं उंचीचं मॉडेल फटीत उतरत नाही. ते माथे आणि फटी यांच्यावरून मऊ झालेला पृष्ठभाग देतं. म्हणून पोलच्या खाली तळहाताएवढी सपाट चकती बसवली. ती तीन-चार गोट्यांवर विसावते आणि मिळणारी उंची फोटोतल्या पृष्ठभागाशी तुलना करण्याजोगी होते. वाळूत हीच चकती पोल रुतू देत नाही. एवढ्याशा चकतीवर अख्खी तुलना उभी आहे. ती नसेल तर दोन वेगळ्याच गोष्टींची वजाबाकी होते.

सहकारी पोल धरून होती, मी नोंदी घेत होतो. तळव्याखाली शेवाळ असलं की तिने 'शे' म्हणायचं, वाळू असली की 'वा', आणि ते पॉइंटच्या कोडमध्ये जायचं. पुढे शेवाळाचे पॉइंट वेगळे काढल्यावर याचं मोल कळेल. शेवाळाचे केस प्रवाहात हलतात, आणि दर फोटोत वेगळा दिसणारा तळ सॉफ्टवेअरला जुळवता येत नाही.

पॉइंट सगळीकडे सारखे पसरले नाहीत. खळाळाचा माथा, डोहाचं तोंड, काठालगतची पोखरलेली बाजू इथे दाट घेतले, सपाट उथळ भागात विरळ. खळाळाच्या माथ्यावर तर दुप्पट. तोच वरच्या डोहाची पातळी ठरवतो. कमी पाण्यात नदी म्हणजे अशा उंबऱ्यांची रांग असते. उंबरा चुकला की मागचा सगळा डोह चुकतो.

१२ फेब्रुवारी

वळणावरच्या डोहात एको साउंडर (प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र). तराफ्यावर साउंडर, त्याच्या डोक्यावर रोव्हर. सर्वात खोल १.८ मीटर. फोटोत हा भाग काळपट हिरवा, पोत काहीच नाही, तिथे फोटोग्रामेट्रीचा, म्हणजे फोटो एकमेकांशी जुळवून उंची काढण्याचा प्रश्नच येत नाही. ध्वनीचा वेग पाण्याच्या तापमानाप्रमाणे घातला. काठाजवळ अर्ध्या मीटरहून कमी खोलीत साउंडर भरवशाचा नाही, तो पट्टा पोलनेच भरला.

१३ फेब्रुवारी

विसर्ग मोजला: २.१ घनमीटर प्रति सेकंद. आडव्या छेदावर करंट मीटरने. त्याच छेदावर ड्रोन स्थिर ठेवून व्हिडिओही घेतला. फेसाचे ठिपके किती सरकले यावरून पृष्ठभागाचा वेग निघतो, आणि त्याला ०.८५ ने गुणलं की उभ्या रेषेतला सरासरी वेग साधारण मिळतो. उथळ आणि खडबडीत धारेत हा आकडा कमी असू शकतो, म्हणून आज करंट मीटरवर भिस्त. व्हिडिओ पुढे पुरात कामाला येईल, जेव्हा पाण्यात कुणाला उतरवायचं नसेल.

दुपारी गोट्यांची मोजणी. वोलमन यांनी १९५४ मध्ये सांगितलेली साधी पद्धत. पात्रात पावलं टाकत जायचं, खाली न बघता बुटाच्या टोकाशी लागेल तो गोटा उचलायचा, त्याची मधली जाडी मोजायची, असे शंभर. निवडून उचलायला लागलं की हात आपोआप मोठ्या गोट्यांकडे जातो. डी-५० (निम्मे गोटे याहून लहान) आला ६४ मिलीमीटर, डी-८४ (शंभरातले ८४ याहून लहान) आला १४० मिलीमीटर.

१७ फेब्रुवारी

प्रोसेसिंग. तिरप्या फोटोंची गरज आकड्यांत दाखवण्यासाठी दोन संच स्वतंत्र चालवले. फक्त सरळ खाली बघणारे फोटो आणि कंट्रोल फक्त दोन टोकांना, असं दिल्यावर टप्पा मध्यभागी घुमटासारखा वर आला, तपासणी चौकोनांवर १८ सेंटीमीटरपर्यंत. लेन्सची वक्रता किंचित चुकीची अंदाजली जाते आणि समांतर फोटोंमध्ये ती चूक जमिनीच्या आकारात लपून बसते. जेम्स आणि रॉबसन यांनी २०१४ मध्ये हे नीट उलगडून दाखवलं होतं आणि उपायही हाच सांगितला होता. तिरपे फोटो आणि मधले कंट्रोल घातल्यावर कोरड्या भागातली उभी चूक ३ सेंटीमीटरवर आली.

नदीच्या कामात हा घुमट इतर कामांपेक्षा जास्त घातक. आपल्या टप्प्याचा उतार ०.४ टक्के, म्हणजे १०० मीटरला ४० सेंटीमीटर. घुमटाच्या वरच्या अंगाला तो उतार कमी दिसतो, खालच्या अंगाला जास्त. मॉडेल मुकाट्याने ते खरं मानतं. मग पातळी जुळवायला कुणीतरी खडबडीतपणाचा आकडा ओढूनताणून बदलतो आणि चूक कायमची गाडली जाते.

२० फेब्रुवारी

अपवर्तन. पाण्यातला तळ वर उचललेला दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३४, त्यामुळे सरळ वरून पाहिलं तर ६० सेंटीमीटरचं पाणी ४५ दिसतं. पोलच्या पॉइंटशी ताडलं. पाण्याखालच्या भागाची सरासरी खोली ४२ सेंटीमीटर, आणि मूळ डीईएममधला (उंचीच्या डिजिटल नकाशातला) तळ सरासरी ११ सेंटीमीटर उंच. सिद्धांत सांगतो तेवढाच.

साधा उपाय म्हणजे दिसणारी खोली गुणिले १.३४. त्यासाठी आधी पाण्याचा पृष्ठभाग हवा. ऑर्थोमोझेकवर (सगळे फोटो जोडून बनलेल्या, मापाला बरोबर अशा चित्रावर) दोन्ही काठांची पाणरेषा आखली, तिची उंची काढली, मधे पृष्ठभाग ताणला. काठ उभा असेल किंवा गवताने झाकला असेल तिथे पाणरेषेची उंची डळमळते, ते तुकडे काढून रोव्हरने घेतलेली पातळी घातली. इथली तीन सेंटीमीटरची चूक पुढे १.३४ पटीने खोलीत शिरते, म्हणून वेळ गेला तरी चालेल असं ठरवलं.

१.३४ ने गुणल्यावर तळ अजून दीड सेंटीमीटर उंचच राहिला. अपेक्षित होतं. तो आकडा सरळ खाली बघणाऱ्या किरणापुरता. किरण उभ्या रेषेशी १५ अंश असेल तर गुणक १.३६ होतो, ३० अंशांना १.४४. आपल्याकडे तिरपे फोटो भरपूर, म्हणजे घुमट घालवण्यासाठी जे केलं तेच इथे आडवं आलं. डीट्रिख यांनी २०१७ मध्ये मांडलेली रीत वापरली: प्रत्येक बिंदूसाठी तो ज्या ज्या कॅमेऱ्यांना दिसला त्यांचे कोन काढून दुरुस्ती, मग त्यांची सरासरी. एकतर्फी चूक गेली. विखुरलेपण मात्र राहिलं, ६ सेंटीमीटरच्या आसपास. ते आता हलणार नाही. फेसाखालचे आणि शेवाळाचे बिंदू काढून टाकले, त्या जागी पोलचे पॉइंट.

पाण्याच्या रंगावरून खोली काढण्याचा मार्गही चाचपला. खोली वाढते तसा लाल रंग आधी शोषला जातो, त्यामुळे हिरव्या-लालच्या गुणोत्तराचा लॉगरिदम खोलीबरोबर बऱ्यापैकी सरळ रेषेत जातो. वाळूच्या भागात छान बसलं. जिथे तळाचाच रंग बदलतो, काळा गोटा, हिरवं शेवाळ, तिथे खोटं बोलायला लागलं. वाळूच्या तुकड्यापुरतं ठेवलं.

२४ फेब्रुवारी

सफाई. पादचारी पुलाचा स्लॅब डीईएममधून काढला. ड्रोनला पूल वरून दिसतो, त्यामुळे डीईएममध्ये तो नदीवर आडवी भिंत होऊन बसतो आणि मॉडेलमध्ये बांध घातल्यासारखं पाणी तुंबतं. खांब ठेवले, स्लॅबखालचा तळ पोलच्या पॉइंटवरून विणला.

काठावरची झुडपं हे जास्त किचकट. फोटोग्रामेट्रीला पानांचा माथा दिसतो, जमीन नाही. क्लॉथ सिम्युलेशन फिल्टर (आभासी कापड टाकून जमीन वेगळी ओळखणारा) चालवला. विरळ झुडपांत ठीक, दाट भागात त्याने झुडपांचा माथाच जमीन धरला. तिथे टोटल स्टेशनचे पॉइंट जोडून पृष्ठभाग पुन्हा विणला. अशा जागी लेझर लागतो, पानांच्या फटीतून त्याचे काही किरण जमिनीवर पोहोचतात. नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरला पाण्याखालचं मात्र काही दिसत नाही, त्यासाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण हवा.

२७ फेब्रुवारी

मेश, म्हणजे मॉडेलसाठी पात्राची सेलमध्ये, लहान चौकटींत विभागणी. हेक-रास या नदीप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये, द्विमितीय. या सॉफ्टवेअरमध्ये सेल मोठा असला तरी आतली १० सेंटीमीटरची डीईएम वाया जात नाही. प्रत्येक सेलचा पातळी-आकारमान तक्ता आणि प्रत्येक कडेचा आडवा छेद डीईएमवरूनच बनतो. म्हणून सेल लहान करण्यापेक्षा सेलच्या कडा योग्य जागी बसवणं महत्त्वाचं. काठाच्या माथ्यावर, गोट्यांच्या बेटाच्या कण्यावर, खळाळाच्या उंबऱ्यावर ब्रेकलाइन, म्हणजे सेलच्या कडांना जागेवर बसवणाऱ्या रेषा, टाकल्या. कडा उंबऱ्याच्या मागे-पुढे पडली तर उंबरा सेलच्या पोटात गडप होतो आणि पाणी त्यावरून नसल्यासारखं निघून जातं.

पुराच्या धावांसाठी पात्रात २ मीटरचे सेल, वेळेची पायरी अर्ध्या सेकंदाची. पुरात वेग २.७ मीटर प्रति सेकंद धरला तर कूरांट आकडा (एका पायरीत पाणी सेलचा किती भाग ओलांडतं) ०.७ च्या आत राहतो. डिफ्युजन वेव्ह (पाण्याचं जडत्व न धरणारी सोपी समीकरणं) सोडून पूर्ण समीकरणं लावली, पुलाच्या खांबांजवळ पाणी आवळतं तिथे फरक पडतो.

३ मार्च

मॅनिंगचा एन, म्हणजे त्या सूत्रातला खडबडीतपणाचा आकडा. स्ट्रिकलरच्या सूत्राला डी-५० दिला की ०.०३० येतो. खोल पाण्याला तो शोभेल. ३० सेंटीमीटर पाण्यात १४ सेंटीमीटरचे गोटे असताना नाही, तिथे गोटा म्हणजे अर्धी खोली. लिमेरिनोस यांचं १९७० चं सूत्र खोली आणि डी-८४ यांचं गुणोत्तर विचारात घेतं. त्यावरून ३० सेंटीमीटरला ०.०५१, दोन मीटरला ०.०३७. एकाच नदीचे, एकाच गोट्यांचे हे दोन आकडे. दोन्ही प्रश्नांना एकच एन लावणार असाल तर एक उत्तर चुकणारच.

इथे दुहेरी मोजणी टाळायची. मोठे खडक डीईएममध्ये आकारासकट आलेच आहेत, ते पाणी अडवतातच. त्यांचा वाटा पुन्हा एनमध्ये धरायचा नाही.

पडताळणीला उड्डाणाच्या दिवशीची पाणरेषाच हाताशी आहे. २.१ घनमीटर सोडलं आणि मॉडेलचा ओला भाग ऑर्थोमोझेकवर टाकला. दुरुस्त तळ आणि ०.०५१ वर दोन्ही कडा जवळपास एकमेकींवर बसल्या, फक्त एका बेटामागच्या फाट्यात मॉडेलला पाणी जास्त दिसतंय. तिथे गोट्यांतून पाणी झिरपून जातं, पृष्ठभागावरचं मॉडेल ते पकडणार नाही. तसंच ठेवलं. एका फाट्यासाठी सगळ्या टप्प्याचा एन बिघडवायचा नाही.

६ मार्च

संवेदनशीलता. याच धावांसाठी सगळा खटाटोप. अपवर्तन दुरुस्त न केलेला तळ आणि दुरुस्त तळ, दोन्ही तेवढ्याच विसर्गावर चालवले.

कमी पाण्यात न दुरुस्त केलेला तळ पातळी सुमारे १० सेंटीमीटर वर नेतो. पाणी बेटांवर पसरतं, ऑर्थोमोझेकच्या पाणरेषेबाहेर जातं. हा फरक एन कमी करून सहज 'जुळवता' आला असता. मग पातळी बरोबर, खोली चूक, वेग चूक, आणि माशांच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण चूक.

४०० घनमीटरच्या पुरात तोच फरक २ सेंटीमीटर. १२ मीटरच्या धारेतले ११ सेंटीमीटर ७५ मीटरच्या पात्रात विरून जातात. त्याच पुरात एन ०.०३७ वरून ०.०४१ केला तर पातळी १३ सेंटीमीटरने वर. म्हणजे नुसता पूर बघायचा असता तर पाण्यात उतरायची गरज नव्हती, तो वेळ झुडपांच्या खडबडीतपणावर आणि पुराच्या खुणांवर घालवायला हवा होता. मागच्या पुराने फांद्यांत अडकवलेल्या काडीकचऱ्याच्या उंच्या रोव्हरने घेतल्या आहेत. कचऱ्याची वरची कड लाटेची असू शकते, म्हणून खालची-वरची दोन्ही नोंदली.

१० मार्च

फायली सुपूर्त केल्या. डीईएमबरोबर तेवढ्याच आकाराचा आणखी एक थर दिलाय: प्रत्येक पिक्सेलची उंची कशावरून आली. कोरडा फोटो, दुरुस्त केलेला ओला फोटो, पोल, साउंडर, की नुसतं मधे विणलेलं. मॉडेल चालवणाऱ्याने विचारलं, "हे कशाला? एकसंध डीईएम दिसतेय की." एकसंध दिसते म्हणूनच.

पुढच्या पुरानंतर पात्र किती बदललं ते याच डीईएमशी वजाबाकी करून काढायचं आहे. दोन्ही वेळची चूक धरली तर ९५ टक्के खात्रीने कोरड्या भागात ८ सेंटीमीटरहून कमी आणि ओल्या भागात १७ सेंटीमीटरहून कमी फरक हा बदल मानायचा नाही. हे आकडे डीईएमच्या फाइलमध्येच लिहून ठेवले आहेत, अहवालाच्या परिशिष्टात नाही.